‘संपले जर’

(बी. कॉम., चौथे सत्र)

गेल्या सत्रात संगणकाच्या विषयात आम्हाला एक गृहपाठ होता. व्यवहारातला एखादा हिशेब घ्यायचा, तो कोणकोणत्या पायऱ्यांनी करायचा ते सूडोकोडमध्ये लिहायचे आणि स्वच्छ छापून आणायचे. मी उधारी फेडण्याचा हिशेब घेतला आणि मराठीत लिहिला. छापलेला कागद हाती आला तेव्हा त्याच्या मध्यावर ठळक अक्षरांत दोन शब्द उमटले होते : ‘संपले जर’. शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीने ते मोठ्याने वाचले. मराठी कळणारे लगेच हसले. कन्नड मित्रमैत्रिणींना अर्थ सांगावा लागला, मग तेही हसले. पुढे आठवडाभर माझे नाव ‘संपले जर’ असेच होते.

हसण्याबद्दल माझी तक्रार नाही. हसण्यासारखेच होते ते. तक्रार आहे ती त्या कागदावरून काढलेल्या निष्कर्षाबद्दल. ‘बघा, आपल्या भाषेत हे होतच नाही. सूडोकोड इंग्रजीतच लिहायचा असतो,’ असे मला एका ज्येष्ठांनी सांगितले. त्यांच्याविषयी आदर ठेवूनच म्हणते, की चूक मराठीची नव्हती. चूक माझी होती, आणि ती नेमकी कोठे झाली हे शोधायला मला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत जे समजले ते आपल्या नियतकालिकाच्या दोन्ही विभागांच्या उपयोगाचे आहे असे वाटते, म्हणून हा लेख.

प्रथम ज्यांचा या विषयाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे. सूडोकोड म्हणजे संगणकाला द्यायचा प्रोग्रॅम नव्हे. प्रोग्रॅम लिहिण्यापूर्वी माणसाने माणसासाठी लिहिलेल्या त्या पायऱ्या असतात. अमुक असेल तर हे करा, नाहीतर ते करा. तमुक होईपर्यंत पुन्हा पुन्हा करा. पाककृती जशी चुलीने वाचायची नसते, सुगरणीने वाचायची असते, तसेच हे. संगणक हा कागद कधीच वाचत नाही. मग तो इंग्रजीतच असला पाहिजे, हा नियम आला कोठून?

मला वाटते तो छापखान्यातून आला. म्हणजे अक्षरजुळणीतून. सूडोकोड छापताना आतल्या ओळी आत सरकवाव्या लागतात, ओळींना क्रमांक द्यावे लागतात, ‘जर’, ‘तर’ असे शब्द ठळक करावे लागतात. साध्या लेखन-प्रणालीत हे हाताने केले तर एक ओळ वाढवताच सगळी घडी विसकटते. म्हणून कलबुर्गीला अभियांत्रिकी शिकणाऱ्या माझ्या मावसभावाने मला लाटेक शिकवले. (रबराच्या चिकाचे नाव निराळे, या नावाच्या शेवटी ‘क’ आहे, ‘क्स’ नाही.) डोनाल्ड क्नुथ या अमेरिकन प्राध्यापकांना आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते इतकी नापसंत पडली, की १९७७ साली त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली. ती ‘टेक’. तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० नंतरच्या दशकात जे सोपे आवरण चढवले ते ‘लाटेक’. दोन्ही फुकट मिळतात. यात तुम्ही मजकुरात आज्ञा लिहिता आणि पानाची मांडणी प्रणाली करते. ‘इफ’ ही आज्ञा लिहून तिच्या महिरपी कंसात अट दिली, की पानावर ठळक ‘इफ’, मग अट, मग ठळक ‘देन’ येते आणि पुढची ओळ आपोआप आत सरकते.

आता यातली चांगली गोष्ट अशी, की पानावर कोणता शब्द उमटावा हे बदलता येते. ‘अल्गोरिदमिक-इफ’ नावाच्या आज्ञेत ‘इफ’ हा शब्द साठवलेला असतो. ‘अल्गरिन्यूकमांड’ या आज्ञेने तेथे दुसरा शब्द ठेवता येतो. मी एका रात्रीत सगळे शब्द बदलले. ‘इफ’च्या जागी ‘जर’, ‘देन’च्या जागी ‘तर’, ‘एल्स’च्या जागी ‘नाहीतर’, ‘व्हाइल’च्या जागी ‘जोवर’, ‘डू’च्या जागी ‘तोवर’, ‘एंड’च्या जागी ‘संपले’. शब्दकोशाचे काम झाले, आता मराठी झाले, अशा समाधानाने झोपले.

पहिला कागद तर जवळजवळ कोराच निघाला. चिन्हे आणि आकडे तेवढे होते, अक्षरे गायब. जुन्या पद्धतीचे लाटेक देवनागरी घेत नाही. झीटेक किंवा लुआटेक वापरावे लागते आणि देवनागरी असलेला टाइप कोणता ते सांगावे लागते. ते न सांगितल्यास प्रणाली तक्रारही धड करत नाही. नोंदवहीत कोठेतरी एक ओळ लिहिते आणि पानावर मोकळी जागा सोडते. मी नोटो हा टाइप घेतला, ठळक आणि साधा दोन्ही. येथवर ठीक.

दुसरा कागद तो, ‘संपले जर’वाला. कारण साधे आहे. आत असे बांधलेले असते, की ‘एंड’चा शब्द आधी आणि ‘इफ’चा शब्द नंतर. इंग्रजीत ‘एंड इफ’ शोभते. मी फक्त शब्द बदलले होते, क्रम तोच राहिला होता. खाली आणखी एक गंमत झाली होती. ‘फॉर’ आणि ‘व्हाइल’ या दोन्ही आज्ञा शेवटी एकच ‘डू’ वापरतात. मी ‘डू’ला ‘तोवर’ केले होते, त्यामुळे सगळी खाती तपासण्याच्या ओळीत ‘प्रत्येक खाते तोवर’ असे छापले गेले. आणि उत्तर द्यायच्या ओळीत ‘परत द्या महिने’. आमच्या मन्नाएखेळ्ळीच्या बाजारात हे वाक्य म्हटले तर समोरचा विचारील, कुणाचे महिने घेतले होते?

या तिन्ही चुका एकाच जातीच्या आहेत. इंग्रजीत हुकूम आधी येतो आणि ज्याच्यावर हुकूम चालवायचा ती वस्तू नंतर. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी बसते आणि आपले जोडशब्द नामाच्या पाठीमागून येतात. इंग्रजी सांगाड्यावर मराठी शब्द टांगले की वाक्य मराठी होत नाही. पुष्कळ सरकारी अर्ज आणि पाठ्यपुस्तकेही अशीच झालेली आपण पाहतो, पण तो विषय वेगळा.

कन्नड विभागातल्या माझ्या मैत्रिणीबरोबर बसले तेव्हा ही गोष्ट अधिक स्पष्ट झाली. मराठीत निदान ‘जर’ हा शब्द अटीच्या आधी येतो. सरळ कन्नडमध्ये आधी काहीच लागत नाही. ‘बाकी अमुकपेक्षा जास्त इद्दरे’. अट संपल्यावर ‘इद्दरे’, झाले. ‘नाहीतर’ला ‘इल्लदिद्दरे’. ‘जोवर आहे तोवर’ एवढ्यासाठी ‘इरुववरेगे’ हा एकच शब्द, तोही अटीच्या मागे. म्हणजे ‘इफ’च्या खणात काहीही ठेवायचे नाही आणि ‘देन’च्या खणात सगळे. ज्या आज्ञेला मागचा खणच नाही, तेथे कन्नड लिहिणाऱ्याने काय करावे? ‘रिपीट–अन्टिल’मधली ‘अन्टिल’ची आज्ञा तशी आहे. तिच्यात शब्द आधी आणि अट शेवटी. अटीनंतर काही लिहिण्याची सोयच ठेवलेली नाही. मराठीलाही तेथे ‘बाकी शून्य होईपर्यंत’ असे म्हणायचे असते, ‘होईपर्यंत बाकी शून्य’ असे नाही.

येथे एक धोक्याची सूचना देते, कारण ती केवळ भाषेच्या शोभेची नाही. ‘व्हाइल’ आणि ‘अन्टिल’ या दोहोंना आपण मराठीत सर्रास ‘जोपर्यंत’ म्हणतो. पण एकात अट खरी असेतो काम चालू राहते, दुसऱ्यात अट खरी होताच काम थांबते. दोन्हीकडे ‘जोपर्यंत बाकी शून्य’ असे लिहिले तर हिशेबच उलटा होतो. मराठीत हा भेद आपण ‘नाही’ घालून करतो, पाऊस पडतो आहे तोपर्यंत आणि पाऊस पडत नाही तोपर्यंत. पहिल्या वर्षी मी स्वतः या दोन इंग्रजी शब्दांत गोंधळले होते आणि तोंडी परीक्षेत गप्प बसले होते. मराठी माध्यमातून आलेले आमच्यातले कितीजण त्या प्रश्नाला असेच गप्प बसतात, हे वर्गात मागे बसणाऱ्यांना ठाऊक आहे. त्यांना हिशेब येत नसतो असे नाही. त्यांच्या घरी दुकान आहे, व्याज ते बोटांवर काढतात. शब्दाच्या उंबरठ्याला ठेच लागते. म्हणून ‘व्हाइल’ला ‘जोवर … आहे तोवर’ आणि ‘अन्टिल’ला ‘… होईपर्यंत’ असे दोन निराळे साचे ठेवावेत असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

साचे असा शब्द मी मुद्दाम वापरते. लाटेकमध्ये शब्द बदलण्याखेरीज आणखी एक सोय आहे आणि ती मला तिसऱ्या आठवड्यात सापडली. ‘अल्गडेफ’ या आज्ञेने संपूर्ण ओळच नव्याने बांधता येते. अट कोठे बसेल तेथे ‘पहिली जागा’ अशी खूण ठेवायची आणि तिच्या आधी व नंतर आपल्याला हवे ते लिहायचे. ‘जर, पहिली जागा, असेल तर’. ‘जोवर, पहिली जागा, आहे तोवर’. ‘पहिली जागा, होईपर्यंत’. मग ‘डू’ कुणाशी वाटून घ्यावा लागत नाही आणि ‘एंड’ कुणाच्या पुढे उभा राहत नाही. ‘संपले’च्या ओळी मला मुळातच नको होत्या, कारण आतबाहेर सरकलेल्या ओळींवरून शेवट दिसतोच. ‘नोएंड’ हा पर्याय दिला की त्या ओळी छापल्याच जात नाहीत. ‘संपले जर’चे असे देहावसान झाले.

तरी सगळे सुटत नाही. ‘प्रत्येक खात्यासाठी’ म्हणायचे तर ‘खाते’चे ‘खात्या’ व्हावे लागते. आज्ञेला सामान्यरूप कळत नाही. ती ‘खाते साठी’ असेच छापणार. कन्नडमध्येही ‘खाते’ला प्रत्यय लागून ‘खातेगू’ होते, तीच अडचण. यावर आम्ही दोघींनी पुष्कळ डोके चालवले आणि शेवटी प्रत्ययाच्या वाटेलाच जायचे नाही असे ठरवले. मराठीत ‘एकेक खाते घेऊन’ आणि कन्नडमध्ये ‘ओंदोंदु खाते तेगेदुकोंडु’. नाम जसेच्या तसे राहते, वाक्य अस्सल राहते. आणि पाहा, दोन्ही भाषांत शब्द त्याच क्रमाने, त्याच ठिकाणी बसले. ‘एकेक’ तसे ‘ओंदोंदु’. इंग्रजीसाठी एक सांगाडा आणि आपल्या दोन्ही भाषांसाठी मिळून दुसरा एक, एवढे पुरते. जर-तरच्या ओळीतही तेच : कन्नडसाठी पुढचा खण रिकामा ठेवायचा, बाकी साचा सारखा.

शब्द निवडताना एक पथ्य आम्ही पाळले. शाळेत जो शब्द शिकलो तो आधी, कोशातला नंतर. इंग्रजी सूडोकोडच्या माथ्यावर ‘रिक्वायर’ आणि ‘एन्शुअर’ असे दोन शब्द असतात, म्हणजे काय दिले आहे आणि काय मिळवायचे आहे. मी दोन दिवस शब्द शोधत होते. आणि मग लक्षात आले, की भूमितीच्या वहीत प्रत्येक सिद्धतेच्या माथ्यावर आपण ‘पक्ष’ आणि ‘साध्य’ लिहीतच आलो आहोत! मराठी माध्यमाच्या मुलाला हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. ‘रिटर्न’साठी गणिताच्या वहीतलेच ‘उत्तर’. आणि ‘अल्गोरिदम’च्या जागी मथळ्यात ‘कृती’. ‘यावत्’, ‘तावत्’ असे शब्द कुणी सुचवले होते. ते वाचताना मला तरी पूजा चालली आहे असे वाटते.

आता माझी कृतीच देते.

कृती १ : उधारी फिटायला लागणारे महिने
पक्ष : बाकी, दर, हप्ता
साध्य : महिने
१ : महिने = ०
२ : जोवर बाकी > ० आहे तोवर
३ : — बाकी = बाकी + बाकी × दर
४ : — जर बाकी < हप्ता असेल तर
५ : — — बाकी = ०
६ : — नाहीतर
७ : — — बाकी = बाकी − हप्ता
८ : — महिने = महिने + १
९ : उत्तर : महिने

(आत सरकवलेल्या ओळी येथे रेघांनी दाखवल्या आहेत. ओळींचे आकडेही देवनागरीत येतात. त्याची आज्ञा वेगळी आहे, ती दोन मिनिटांची.)

हा कागद मी घरी टेबलावर ठेवला होता. मन्नाएखेळ्ळीच्या फाट्यावर आमचे लहानसे दुकान आहे. अप्पांचे शिक्षण सातवीपर्यंत, मराठीतून. माझ्या अभ्यासाचे कागद ते कधी हाती घेत नाहीत, कारण ते इंग्रजीत असतात. हा त्यांनी घेतला, ‘पक्ष’ पासून वाचला, दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘अन् हप्ता व्याजाएवढाच असला तर?’

पन्नास हजार रुपये शेकडा दोन रुपये महिन्याने घेतले तर पहिल्या महिन्याचे व्याज एक हजार होते. महिना तीन हजारांचा हप्ता असेल तर माझ्या कृतीप्रमाणे एकवीस महिन्यांत कर्ज फिटते आणि एकूण सुमारे एकसष्ट हजार रुपये जातात. हप्ता निम्मा म्हणजे दीड हजार केला तर महिने दुप्पट होत नाहीत, छप्पन्न होतात, आणि सुमारे त्र्याऐंशी हजार रुपये जातात. आणि हप्ता एक हजार असेल तर? तिसऱ्या ओळीत बाकी एकावन्न हजार होते, सातव्या ओळीत पुन्हा पन्नास हजार. दुसरी ओळ म्हणते, अजून बाकी आहे. चालू द्या. ही कृती जन्मात संपत नाही. अप्पांनी असे संसार पाहिलेले आहेत. मी ते पक्षात लिहायला विसरले होते. आता तेथे ‘हप्ता > बाकी × दर’ अशी अट आहे. गृहपाठ तपासताना ही चूक कुणाच्या लक्षात आली नव्हती, माझ्याही नाही.

सूडोकोड चूक सापडावी म्हणूनच लिहितात ना? मग ज्याला तो व्यवहार माहीत आहे त्याला तो वाचता आला पाहिजे. उधारीचा व्यवहार ज्यांना माहीत आहे ती माणसे आमच्या भागात मराठी, कन्नड, उर्दू वाचतात.

‘परीक्षा इंग्रजीत, नोकरी इंग्रजीत, मग ही उठाठेव कशाला?’ हा आक्षेप मला मान्य आहे, निम्मा. प्रोग्रॅम इंग्रजी शब्दांनीच लिहावा, ते शब्द फार थोडे आहेत आणि सगळ्या जगाने ते घेतले आहेत. पुढे बेंगळूरला किंवा पुण्याला कुणी मला ‘जोवर’ लिहू देणार नाही हेही ठाऊक आहे. माझे म्हणणे प्रोग्रॅमबद्दल नाही, त्याच्या आधीच्या कागदाबद्दल आहे. हा भेद मी शोधलेला नाही. १९६० साली अल्गोल नावाची भाषा ज्यांनी ठरवली, त्यांनी आपल्या अहवालातच तिची तीन रूपे सांगितली होती : एक प्रमाण रूप, एक यंत्रात घालायचे आणि एक छापून प्रसिद्ध करायचे. छापायचे रूप देशोदेशीच्या सोयीने बदलावे अशी मुभा त्यांनी दिली होती. सोव्हिएत रशियात १९८५ पासून शाळाशाळांतून संगणकाचा विषय सुरू झाला, तेव्हा आंद्रेई एर्शोव्ह यांनी मुलांसाठी रशियन शब्दांचाच सूडोकोड ठेवला. त्यात कृतीच्या सुरुवातीला ‘नाच’ असे लिहीत. रशियनमध्ये तो ‘आरंभ’ या अर्थाच्या शब्दाचा संक्षेप आहे. आपल्याकडे असता तर मुलांनी उठून नाचायलाच सुरुवात केली असती. आजही लाटेकमधल्या ‘अल्गोरिदम-टू-ई’ या संचात फ्रेंच, जर्मन, इटालियन, पोर्तुगीज, चेक अशा भाषांचे पर्याय तयार मिळतात. एक शब्द लिहिला की सगळे बदलते. मराठी किंवा कन्नड मला त्या यादीत सापडली नाही. त्यांना कुणी नको म्हटलेले नाही, कुणी करून दिलेले नाही इतकेच.

आणि कृती आपल्या शब्दांत लिहिण्याची सवय आपल्याला नवी आहे काय? आमच्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात मळखेड आहे. ते राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. तेथल्या अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. बाराव्या शतकात राजादित्याने ‘व्यवहारगणित’ कन्नडमध्येच लिहिले. देण्याघेण्याचे गणित, म्हणजे आमच्या वाणिज्य शाखेचेच. त्या लोकांना व्यवहारासाठी आपली भाषा तोकडी वाटली नव्हती. बसने मळखेडवरून जाताना आपण सिमेंटचे कारखाने पाहतो आणि ही गोष्ट विसरतो. असो.

माझी सूचना लहान आहे. महाविद्यालयाच्या संगणक कक्षात या साच्यांची एक धारिका ठेवावी, मराठीसाठी एक, कन्नडसाठी एक. ज्याला हवी त्याने गृहपाठाच्या वर ती जोडावी. आणि अंतर्गत गुणांच्या गृहपाठात सूडोकोड तिन्हींपैकी कोणत्याही भाषेत चालेल असे प्राध्यापकांनी एकदा फलकावर लावावे. यासाठी पैसा लागत नाही. धारिकेतली मराठीची पाने माझ्याकडे तयार आहेत. एक उणीव सांगून ठेवते : ‘असेल’ हा शब्द आज्ञेतच बसवल्यामुळे अट चिन्हांत लिहिली तरच वाक्य बरोबर वाचले जाते. ‘महिने बारा असेल तर’ हे चूकच. तेथे क्रियापद लिहिणाऱ्याच्या हाती देणारा दुसरा साचा करावा लागेल, दोन जागांचा. व्याकरण चांगले असणाऱ्या कुणी कला शाखेच्या विद्यार्थ्याने यात लक्ष घातले तर बरे होईल.

कन्नडच्या धारिकेत ‘होईपर्यंत’ची ओळ अजून रिकामी आहे. ‘आगुववरेगे’ लिहावे की ‘आगुव तनक’, यावर माझ्या मैत्रिणीचे आणि तिच्या आजीचे एकमत झालेले नाही.